सहनिवासाची मार्गदर्शक तत्त्वं: सांगली परिसरातल्या नव्या गटांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांत सहनिवास उभा करू पाहणारे गट जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कायद्याचे उल्लेख महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेला धरून आहेत. करार करताना वकील सोबत हवाच.

१. सहनिवास म्हणजे नेमकं काय? सोसायटीत राहतोच की आपण.

सोसायटीत बिल्डर घरं बांधतो आणि शेजारी कोण ते राहायला गेल्यावर कळतं. सहनिवासात माणसं आधी जमतात, जागा आणि आराखडा मिळून ठरवतात आणि पुढे देखभालही स्वतःच बघतात. प्रत्येक कुटुंबाचं स्वयंपाकघरासकट पूर्ण स्वतंत्र घर असतं. शिवाय सगळ्यांचं मिळून एक सामायिक घर असतं: मोठं स्वयंपाकघर, पंगतीची जागा, पाहुण्यांची खोली, हत्यारांचं कपाट. पगार, शेती, बँकेचं खातं ज्याचं त्याचं. हा प्रकार डेन्मार्कात आकाराला आला आणि तिथली सेटेडामेन ही वसाहत १९७२ पासून राहती आहे. आश्रम, वृद्धाश्रम किंवा एकत्र कुटुंब यांच्याशी त्याची गल्लत करू नका. आपल्याकडे तो बहुतेक वेळा सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणूनच नोंदवावा लागतो.

२. आम्ही सगळे २० वर्षांपासून एकमेकांना ओळखतो. मग तत्त्वं लिहायची कशाला?

भिशीतली, बँकेतली किंवा ट्रेकच्या ग्रुपमधली ओळख ही ठराविक तासांची ओळख असते. रात्री ११ ला वरच्या मजल्यावर मिक्सर लावणारा माणूस, पंप बंद असताना टाकी रिकामी करणारा माणूस तिच्यात दिसलेला नसतो. जुन्या मित्रांच्या गटात एक जास्तीचा धोकाही असतो: भिडेपोटी कोणी बोलत नाही आणि सगळं एकदम बाहेर येतं.

३. तत्त्व, धोरण, नियम आणि उपविधी यांत फरक काय?

पाण्याचं उदाहरण घेऊ. ‘पाणी सगळ्यांचं आहे, ते मोजून वापरू’ हे तत्त्व. ‘प्रत्येक घराला वेगळा मीटर; शहरी पुरवठ्याच्या प्रमाणाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटरपर्यंत एक दर, त्यापुढे दुप्पट’ हे धोरण. ‘मीटर दर महिन्याच्या १ तारखेला वाचायचा, आकडा फलकावर लिहायचा’ हा नियम. तत्त्व वर्षानुवर्षं टिकतं, धोरण दोन-चार वर्षांनी बदलतं, नियम गरज पडेल तसा बदलावा.

उपविधी म्हणजे सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात नोंदलेली संस्थेची कायदेशीर चौकट. उपविधी बदलायला सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, आणि तो बदल निबंधकांनी नोंदवेपर्यंत लागू होत नाही. तत्त्वांचा कागद उपविधींच्या वर कधीच जात नाही. म्हणून पैसा, जागेचा वापर आणि सभासदत्व यांना हात लावणारं जे काही असेल ते उपविधीत किंवा सभेच्या ठरावात आणा. नुसत्या सह्यांच्या कागदावर ते वसूल होत नाही. आणि नियम तत्त्वांच्या यादीत घुसवू नका. ‘चपला रॅकमध्येच ठेवाव्यात’ हे पहिल्या पानावर आलं की लोक उरलेली पानं वाचत नाहीत.

४. किती तत्त्वं असावीत आणि चांगलं तत्त्व ओळखायचं कसं?

पाच ते आठ. त्यापेक्षा जास्त कोणाच्या लक्षात राहत नाहीत आणि भांडणाच्या वेळी प्रत्येक जण आपल्या सोयीचं एक काढून दाखवतो.

ओळखायची कसोटी सोपी आहे: तत्त्वाच्या उलट वाक्य लिहा आणि एखादा शहाणा माणूस ते मान्य करेल का बघा. ‘आम्ही प्रेमाने आणि सलोख्याने राहू’ याच्या उलट कोणीच बोलणार नाही, म्हणजे त्या वाक्याने काहीही ठरलेलं नाही. ‘गाड्या फाटकापाशी थांबतील, आत सगळे पायी’ याच्या उलट ‘गाडी दाराशी आली पाहिजे’ असं म्हणणारी भली माणसं भरपूर आहेत. म्हणजे हे खरं तत्त्व. त्यातून आराखडा बदलतो, मधलं अंगण मुलांना मोकळं मिळतं, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी चाकाच्या खुर्चीची वाट आणि सिलिंडरसाठी ढकलगाडी लागणार हेही आधीच समजतं. ज्या तत्त्वाने कोणाचीच गैरसोय होत नाही ते खोडून टाका.

५. ही तत्त्वं कधी लिहायची? जागा बघून झाली, इसार देणार आहोत.

इसाराच्या आधी. इसार दिला की माणसं मनातलं बोलत नाहीत, कारण आता निघालो तर पैसे अडकतील ही भीती असते. इसारपावती होईपर्यंतचे सहा ते आठ आठवडे या कामाला पुरतात. जागामालक घाई करत असेल तर तो त्याचा प्रश्न आहे.

६. बैठका कशा घ्यायच्या? पहिल्याच बैठकीत वाद झाले.

दोन-दोन तासांच्या तीन बैठका, दोन बैठकांमध्ये किमान दोन आठवडे.

पहिल्या बैठकीत प्रत्येक प्रौढ माणसाला तीन पिवळी आणि तीन गुलाबी कार्डं द्या. पिवळ्यावर: ‘इथे राहायला आल्यावर माझा रोजचा दिवस कुठे बदलेल?’ गुलाबीवर: ‘काय घडलं तर मी इथून निघून जाईन?’ नावं घालायची नाहीत. नवरा-बायको, सासू-सून यांनी वेगवेगळी लिहायची, एकमेकांना न दाखवता. घरटी एकच कार्ड घेतलं की घरात ज्याचा आवाज चालतो त्याचंच मत गटाकडे पोचतं. १२ कुटुंबांत २५ प्रौढ असतील तर १५० कार्डं होतात. ती भिंतीवर लावून सारखी-सारखी एकत्र करायला दीड तास सहज जातो, तेव्हा भाषणांना वेळ ठेवू नका. गुलाबी कार्डं आधी वाचा. ‘माझ्या मुलीच्या येण्याजाण्याच्या वेळांवर कोणी बोललं तर’, ‘वर्गणी न देणाऱ्याचं नाव फलकावर लागलं तर’ अशी वाक्यं पिवळ्या कार्डांवर कधीच येत नाहीत, आणि वसाहती मोडतात त्या याच गोष्टींवरून.

मधल्या दोन आठवड्यांत दोघांनीच मसुदा लिहायचा. आठ जणांच्या समितीने लिहिलेल्या वाक्यात सगळ्यांचं समाधान असतं आणि अर्थ कमी. दुसऱ्या बैठकीत मसुदा भांडणांवर तपासायचा (प्रश्न ७), तिसरीत मान्यता (प्रश्न ८) आणि सह्या. सूत्रसंचालन अशा माणसाकडे द्या ज्याला तिथे घर घ्यायचं नाही.

७. मसुदा वाचायला छान वाटतो. तो कामाचा आहे की नाही हे कसं कळेल?

खऱ्या भांडणांवर चालवून बघा. वहीत किमान १० प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला विचारा: आपल्या तत्त्वांवरून याचं उत्तर निघतं का? दहावीच्या मुलाची परीक्षा आणि शेजारी बारसं. वरच्या घराच्या बाथरूममधून खालच्या छतात ओल. एका घरात पाच माणसं, एकात एकटी बाई, आणि देखभाल खर्च सारखा. कामाला येणाऱ्या मावशी दुपारी सामायिक घरात डबा खायला बसल्या, कोणाला ते खटकलं. एकाने गच्चीवर सोलर पॅनेल लावलं आणि दुसऱ्याचे पापड वाळवायची जागा गेली.

दहापैकी सहा-सात प्रसंगांचं उत्तर निघालं की मसुदा बरा. एकाच प्रसंगाची दोन तत्त्वांवरून दोन उलटी उत्तरं निघत असतील तर कोणतं तत्त्व वर, ते आत्ताच लिहा. ‘शांतता’ आणि ‘मुलांना मोकळं खेळायला मिळावं’ ही जोडी हमखास एकमेकींना भिडते.

८. निर्णय बहुमताने घ्यायचे की एकमताने?

तत्त्वांसाठी बहुमत चालत नाही. १२ पैकी ५ घरं विरोधात असलेलं तत्त्व पहिल्याच वर्षी मोडतं. पूर्ण एकमताचा हट्ट धरला तर एकटा माणूस सगळ्यांना अडवतो. मधला मार्ग असा: ‘आवडलं का?’ असं विचारायचं नाही, ‘यासोबत राहता येणार नाही अशी हरकत आहे का?’ असं विचारायचं. एकेकाला क्रमाने, मध्ये कोणी न बोलता. हरकत असेल तर कारण द्यायचं आणि हरकत घेणाऱ्यानेच बदललेलं वाक्य सुचवायचं. तीन फेऱ्यांत सुटलं नाही तर ते तत्त्व बाजूला ठेवा.

संस्था नोंदल्यावर कायद्याच्या बाबी मात्र सभेत, गणपूर्तीसह आणि ठरलेल्या बहुमतानेच होतील. व्हॉट्सअ‍ॅपवरचे अंगठे म्हणजे निर्णय नव्हे, हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

९. जमीन आमच्याच गटातल्या एकाची आहे. त्याने काही फरक पडतो का?

खूप पडतो. त्याच्या शब्दाला कळत-नकळत वजन येतं आणि बाकीचे पाहुण्यासारखे वागतात. जमिनीचं मूल्यांकन बाहेरच्या मूल्यांककाकडून करून घ्या, रक्कम आणि हप्ते लिहा, आणि व्यवहार झाल्यावर त्याचंही मत एकच असेल हे तत्त्वातच घाला. घराची पहिली निवड त्याला द्यायची असेल तर तेही उघड लिहा, गुपचूप नको. जमीन शेतीची असेल तर सातबारा, बिगरशेती परवानगी आणि विकास आराखड्यातला झोन आधी तपासा. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन थेट विकत घेता येत नाही.

१०. पुराबद्दल तत्त्व लागतं का? आमची जागा नदीपासून लांब आहे.

सांगलीत लागतंच. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट आहे. नदीपासूनच्या अंतरावर विसंबू नका. सखल भागात पाणी ओढ्यानाल्यांतून उलटं शिरतं, आणि नुसत्या पावसाचं पाणीही काळ्या जमिनीत दिवसेंदिवस तुंबतं.

जागा ठरवताना जलसंपदा विभागाच्या पूररेषा नकाशावर बघा: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आतली जागा कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. दोन रेषांमधल्या जागेवर अटींसह बांधता येतं, पण मग वीज मीटर, पंपाचं पॅनेल आणि सोलरची बॅटरी लाल रेषेच्या पातळीच्या वर बसवायचा खर्च आराखड्यातच धरा.

आता तत्त्व. पुरात तळमजल्याचंच नुकसान होतं आणि वरची घरं कोरडी राहतात. ते नुकसान कोणाचं, हे आधी ठरलं नाही तर पाणी ओसरल्यावर वसाहतीची दोन गावं होतात. आमचं स्पष्ट मत: तळमजल्यावर राहती घरं ठेवूच नका, तिथे पार्किंग आणि सामायिक खोल्या ठेवा. ठेवायचीच असतील तर ‘इमारतीचं पुराचं नुकसान सगळ्यांचं, घरातल्या सामानाचं ज्याचं त्याचं, आणि वरची घरं खालच्यांना राहायला जागा देतील’ असं लिहा आणि त्याला विम्याची जोड द्या. नियम पाण्याच्या पातळीवर बांधा. आयर्विनला किती फूट असताना आपल्या फाटकाशी पाणी येतं हे जुन्या शेजाऱ्यांना विचारा आणि त्याच्या पाच फूट आधी गाड्या, सिलिंडर, औषधं आणि कागदपत्रं हलवायला सुरुवात करा. कोणती आजी कोणाच्या घरी जाणार, ही यादी दरवर्षी १ जूनला नव्याने लावा.

११. सामायिक स्वयंपाकघरात शाकाहार की मांसाहार?

स्वतःच्या घरात काय शिजतं त्यावर तत्त्व करू नका. तो गटाचा विषयच नाही. सामायिक स्वयंपाकघरासाठी दोनच मार्ग टिकताना दिसतात: फक्त शाकाहार, किंवा दोन्ही पण वेगळी भांडी, वेगळी शेगडी आणि ठरलेला वार. दुसऱ्या मार्गात भांडी घासायची जागाही वेगळी लागते. त्याचा नळ आणि मोरी आराखड्यात आली नसेल तर पहिल्या रविवारच्या मटणालाच तंटा होतो. सोवळं आणि मासिक पाळीच्या कारणाने सामायिक स्वयंपाकघरात कोणालाही मज्जाव नाही, हे वाक्य स्पष्ट शब्दांत लिहा. ते मोघम ठेवलं तर त्याचा त्रास बायकांनाच होतो.

१२. आमच्याच समाजाचे, आमच्याच विचाराचे लोक घेता येतील का?

सहकार कायद्यात खुलं सभासदत्व आहे आणि पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. अर्जावरचा निर्णय संस्थेने तीन महिन्यांत कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. जात किंवा धर्म हा निकष ठेवू नका असंच आम्ही सांगू. विचार जुळण्याची काळजी खरी आहे, पण ती नकाराने सुटत नाही. येणाऱ्याला तत्त्वं आधी वाचायला द्या, तीन सामायिक जेवणांना आणि एका श्रमदानाला बोलवा. ज्याला जमणार नाही तो बहुधा स्वतःहून मागे सरतो.

१३. आमची मुलं पुण्यात आणि परदेशात आहेत. म्हातारपणी गट आमची काळजी घेईल ना?

शेजारधर्म आणि शुश्रूषा यांच्यातली रेघ तत्त्वातच ओढा. सकाळी ९ पर्यंत खिडकीचा पडदा सरकला नाही तर शेजारच्याने बेल वाजवायची, किल्लीचा एक जोड ठरलेल्या घरी ठेवायचा, दवाखान्यात पहिल्या रात्री कोणीतरी सोबत थांबायचं: एवढं गट करू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची रोजची सेवा गट करू शकत नाही. तसं वचन दिलं तर ओझं दोन-तीन बायकांवर पडतं. पगारी मदतनीस राहू शकेल अशी एक खोली सामायिक घरात ठेवा.

१४. खर्चाची वाटणी समान की क्षेत्रफळावर?

आदर्श उपविधींप्रमाणे (सहकार खात्याचा नमुना) सेवाखर्च सगळ्या घरांना समान, मालमत्ता कर ज्याचा त्याचा. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि निक्षेप निधी (सिंकिंग फंड) किमान ०.२५ टक्के. घराचा बांधकाम खर्च ३० लाख रुपये धरला तर दोन्ही मिळून वर्षाला ३०,०००, म्हणजे महिन्याला २,५०० रुपये. वीज, पाणी, सफाई वेगळी. हा आकडा सह्यांच्या आधी प्रत्येक घराला दाखवा. थकबाकीवर सरळव्याजाने कमाल २१ टक्के आकारता येतात. सामायिक जेवणाचा हिशेब यात मिसळू नका. ताटाप्रमाणे वेगळी वही ठेवा.

१५. श्रमदानाऐवजी पैसे दिले तर चालेल का?

महिन्याला प्रत्येक प्रौढामागे तीन-चार तास ठेवा. पैशाची सूट सरसकट दिली तर दोन वर्षांत काही घरं पैसे देतात, काही राबतात, आणि सहनिवासाची सोसायटी होते. आजारी आणि वयस्क माणसांना हलकं काम द्या: हिशेब लिहिणं, मुलांना गोष्टी सांगणं, भाजी निवडणं.

१६. गणपती, डीजे, कुत्री यांवर तत्त्व हवं का?

नको, धोरण पुरे. वर्गणी ऐच्छिक ठेवा आणि मूर्ती शाडूची. ध्वनी नियमांनुसार, सरकारने सूट दिलेले काही दिवस सोडले तर, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावरचा ध्वनिवर्धक बंद असतोच. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी बहुमतानेही टिकत नाही; पट्टा, लसीकरण आणि साफसफाई यांचे नियम करा.

१७. कोणी घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं ठरवलं तर?

विक्री रोखता येत नाही. आदर्श उपविधींत विक्रीसाठी संस्थेच्या ना-हरकत दाखल्याची अट नाही, आणि हस्तांतरण अधिमूल्य (घर दुसऱ्याच्या नावावर करताना संस्था घेते ती रक्कम) जास्तीत जास्त २५,००० रुपये. जमतं ते एवढं: सभासदांनी आपापसात करार करून गटाच्या प्रतीक्षा यादीला ६० दिवस पहिली संधी द्यायची. किंमत ठरवायची पद्धत त्याच करारात हवी, नाहीतर पहिल्या संधीला अर्थ राहत नाही. भाड्याने दिलेल्या घरावर बिनभोगवटा शुल्क सेवाखर्चाच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही; म्हणून घरं गुंतवणूक म्हणून घेणारे टाळायचे असतील तर ते सभासद निवडतानाच (प्रश्न १२) स्पष्ट बोला. भाडेकरूला बैठकीत बसू द्या. मत नसलं तरी तो तिथे राहतो.

१८. एखादं घर तत्त्वं पाळतच नाही. काय करायचं?

आधी ज्याला त्रास होतो त्याने सात दिवसांत समोरासमोर बोलायचं. मग दोन्ही बाजूंना मान्य अशा दोघांनी बसायचं. मग सभा. थकबाकी आणि जागेचा गैरवापर उपविधींच्या वाटेने जातो, संस्थेचे वाद सहकार न्यायालयात. बाकीच्या बाबतीत दंड लावू नका. दंड भरला की माणसाला मोकळीक मिळाल्यासारखं वाटतं. तेच तत्त्व तीन वेगवेगळी घरं मोडत असतील तर दोष तत्त्वातच आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावीच लागते, त्याच सभेत ते पुन्हा चर्चेला घ्या.

१९. सह्यांच्या दिवशी फक्त नवरे आले. घराच्या वतीने एक सही पुरेल का?

पुरणार नाही. कागदावर मूळ सभासद एकच असला तरी तत्त्वांवर त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची सही घ्या, सासू-सासरे आणि १८ वर्षांवरची मुलंही. एखादी सही राहिली असेल तर दोन जणांनी घरी जाऊन मसुदा वाचून दाखवायचा आणि प्रश्न ८ मधला हरकतीचा प्रश्न त्या व्यक्तीला एकटीला विचारायचा. हरकत निघाली तर ती पुढच्या बैठकीत घ्या आणि तोवर इसार थांबवा.